गाडी नवीकोरी आहे की नाही, हे मीटर सांगत नाही

नमस्कार. ‘मीटरवर जेमतेम वीस किलोमीटर दिसत आहेत, म्हणजे गाडी नवीच ना?’ असे इतके प्रेक्षक विचारतात की आज फक्त याच प्रश्नावर बोलायचे ठरवले आहे. रंगावरचे ओरखडे, दिवे, वायपर, एसी या गोष्टी तुम्ही तपासालच, त्या मी सांगायला नकोत.

मीटर फार तर गाडी किती धावली ते सांगतो. ती किती काळ उभी होती हे त्याला ठाऊक नसते. कारखान्यातली चाचणी आणि यार्डातली ने-आण यांत काही किलोमीटर होतातच, त्यामुळे शून्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मात्र वर्षभर उन्हापावसात उभी राहिलेली गाडीसुद्धा तेवढेच किलोमीटर दाखवते आणि तिची बॅटरी व टायर मात्र तेवढ्या काळात थकलेले असतात. म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि तारखा पाहा.

पहिली तारीख गाडीच्या उत्पादनाची. तिचा महिना व वर्ष गाडीवरच्या कंपनीच्या पाटीवर छापलेले नसेल, तर चासी नंबरावरून, म्हणजे गाडीवर कोरलेल्या तिच्या ओळख क्रमांकावरून, डीलरकडून लेखी घ्या. हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. बिलावरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर लावून पाहा, नुसते शेवटचे चार अंक जुळवून थांबू नका.

दुसरी तारीख टायरवर असते. DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. टायर गाडीच्या आधी तयार झालेला असायला हवा. आमच्या नात्यातल्या एका गाडीचे तीन टायर उत्पादनाच्या थोडे आधीचे होते, चौथा मात्र उत्पादनानंतरचा निघाला. विक्रेत्याने आधी ‘असे होते कधीकधी’ म्हणून वेळ मारून नेली, पण कारखान्यातून निघताना तो टायर त्या गाडीला असणे शक्यच नव्हते. हे चार अंक पुष्कळदा टायरच्या आतल्या बाजूला येतात. तेव्हा वाकून, टॉर्च लावून पाहा आणि स्टेपनीही सोडू नका.

तिसरी तारीख काचांवर. कोपऱ्यातल्या खुणेत वर्षाचा अंक आणि बहुधा महिन्याचे ठिपके असतात. ठिपके मोजण्याची रीत कंपनीगणिक बदलते, म्हणून अर्थ लावत बसण्यापेक्षा सगळ्या काचा एकमेकींशी ताडून पाहा. एकीवरच गाडीच्या उत्पादनानंतरचे वर्ष असेल, तर ती काच बदललेली आहे. का बदलली, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

‘एवढे कोण बघते?’ अशी एक प्रतिक्रिया नेहमी येते. या तिन्ही तारखा पाहायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि तेवढा वेळ न देणारी हीच मंडळी सीट कव्हरच्या रंगावर तासभर खल करतात!

तारखा जुळल्यावर बॉनेट उघडून बिजागऱ्यांचे बोल्ट पाहा. पुष्कळ गाड्यांत त्यांवर बॉडीचाच रंग असतो. षटकोनी डोक्याच्या कडांवरचा रंग उडून धातू चमकत असेल, तर तिथे पाना फिरलेला आहे.

हे सारे पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी आणि गाडीची नोंदणी होण्यापूर्वी करा. ‘गाडी नोंदणीनंतरच दाखवू’ असे उत्तर मिळाले, तर बुकिंग रद्द करण्याच्या अटी त्याच बैठकीत वाचायला मागा.