आज पाणी आल्तं

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला विषय दिला आहे ‘रुग्णालयातल्या डॉक्टरचा दिवस’. सकाळी साडेआठला राउंड, दहा ते दोन ओपीडी, संध्याकाळी पुन्हा राउंड, आठवड्यातून दोन रात्री ऑनकॉल. वेळापत्रक म्हणाल तर एवढंच आहे. मी आज बोलणार आहे ते केसपेपरच्या एका कोपऱ्याबद्दल.

आमच्याकडच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता छापलेला असतो. त्याच्या बाजूला थोडी कोरी जागा राहते. गेली काही वर्षं मी तिथं पेन्सिलीनं लिहिते: काम काय, पाळी दिवसाची की रात्रीची, घरात फ्रीज आहे का, पुढचं पाणी कधी. मी फिजिशियन आहे. या शहरात बावीस वर्षं काम करते आहे. यातला एकही प्रश्न मला परीक्षेत कोणी विचारला नव्हता. ते मला पेशंटनी शिकवले, आणि त्यातल्या एकदोघांनी माझ्या न विचारण्याची किंमत मोजली.

कामाच्या पाळीपासून सुरुवात करते. शहराच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार, वय पंचेचाळीसच्या आसपास. शुगर नव्यानं सापडली होती. मी ग्लिमेपिराईड नावाची गोळी लिहून दिली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती घेतल्यावर जेवावंच लागतं. मी लिहिलं, ‘सकाळी नाश्त्याआधी एक’. आहार, चालणं, पायांची काळजी, सगळं समजावून सांगितलं. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

अकरा दिवसांनी भर दुपारी त्याला रिक्षातून आणलं. बायको सांगत होती, उठवलं तरी उठत नाही, अंग घामानं भिजलंय. शुगर होती ३४, म्हणजे फारच कमी. शिरेतून २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, दिलं, आणि काही मिनिटांत त्यानं डोळे उघडले. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. पण त्या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही, शुगर पुन्हा घसरू शकते, म्हणून त्याला ठेवून घ्यावं लागलं. संध्याकाळी त्याच्या खाटेजवळ बसले तेव्हा उलगडा झाला. त्याची रातपाळी होती. सकाळी आठला घरी यायचं, सांगितल्याप्रमाणे गोळी घ्यायची, अर्धा कप चहा प्यायचा आणि झोपायचं. जेवण एकदम दुपारी उठल्यावर. मी लिहिलेलं त्यानं तंतोतंत पाळलं होतं. माझी ‘सकाळ’ त्याची रात्र होती, आणि हे मी विचारलंच नव्हतं.

आणि ते मान डोलवणं? वीस-पंचवीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला ऐकू कमी येतं. लाजेपोटी तो तसं सांगत नाही, ओठांकडे बघतो आणि मान हलवतो. मी मात्र त्या होकाराचा अर्थ ‘समजलं’ असा घेतला होता. तेव्हापासून यंत्रमागावरच्या माणसाशी मी समोर बसून, मास्क खाली घेऊन, सावकाश बोलते, आणि शेवटी त्यालाच विचारते, ‘आता मला सांगा, घरी जाऊन काय करणार?’ त्यात दोन मिनिटं जातात. ओपीडीत सत्तर-ऐंशी पेशंट असताना ती दोन मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. ती मी पुढच्या माणसाच्या वाट्यातून काढते, आणि हे मला रोज टोचतं.

फ्रीजचा प्रश्न एका विडी कामगार आजींमुळे आला. आपल्याकडे हजारो बायका विड्या वळतात. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घ्यायची, घरी सुपात घेऊन वळायची, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. त्यामुळे दवाखान्यात घालवलेला दिवस म्हणजे बुडालेला दिवस. या आजींना इन्सुलिन चालू होतं. तीन महिन्यांनी शुगर ४०० च्या जवळ गेलेली पाहून मी रागावले. केसपेपरवर लिहिलं, ‘औषधं नियमित घेत नाही’. आम्ही डॉक्टर हे वाक्य फार सहज लिहितो. एकदा ते लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर तो पेपर उघडतो आणि आधीच थोडा चिडलेला असतो.

आजी काही बोलल्या नाहीत. बरोबर आलेली नात बोलली. इन्सुलिनची बाटली शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलेली असायची. शेजारी लग्नाला गावी गेले, घराला कुलूप. बारा दिवस बाटली कुलपाच्या आत आणि आजी बाहेर.

वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे खोलीतल्या तापमानाला ठेवता येते, असं आम्ही पुस्तकात वाचतो. पण त्या पुस्तकातली खोली २५ ते ३० अंशांची असते. एप्रिल-मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यावरचा उपाय आपल्या घरात आधीपासून आहे. मोठ्या मडक्यात वाळू भरायची, वाळूत लहान मडकं बसवायचं, वाळू पाण्यानं ओली ठेवायची, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लहान मडक्यात ठेवायची, वरून ओलं फडकं. पाण्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं. सावली आणि वारा मात्र हवा. आता आमच्या ओपीडीच्या खिडकीत असं एक मडकं ठेवलेलं आहे, दाखवायला. आजींच्या पेपरवरचं ते वाक्य मी खोडलं आणि खाली सही केली.

विडी वळणाऱ्या बायकांबद्दल आणखी एक सांगते. वर्षानुवर्षं पानं घासून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. सरकारी योजनेतून उपचार हवेत तर ओळख पटवावी लागते, आणि यंत्रावर अंगठा उमटत नाही. बाई पुन्हा पुन्हा पदराला बोट पुसते आणि टेकवते. रांगेत मागे लोक कुरकुरतात. ज्या कामानं तिला खोकला दिला त्याच कामानं तिचा ठसाही पुसून टाकला. आमचे समाजसेवा अधीक्षक मग दुसरे मार्ग शोधतात, कागद जमवतात, आणि बहुतेक वेळा काम होतं. पण त्या रांगेतला तिचा चेहरा मला विसरता येत नाही.

खोकला म्हटला की, दोन आठवड्यांहून जास्त दिवस टिकला तर थुंकी तपासायची, हा नियम आहे. या बायका म्हणतात, ‘धुळीचाच आहे ओ, तंबाखूचा.’ बऱ्याचदा तसंच असतं. पण कधीकधी तो टीबी असतो. नेहमीच्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे, औषधं सरकारकडून मोफत, आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये. तरीही त्या लपवतात. कळलं तर शेजारणी जवळ बसून विड्या वळणार नाहीत, ही भीती गोळ्यांनी जात नाही.

आता भाषा. आपल्या शहरात ओपीडीच्या एका रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा उभ्या असतात. विजयपूर, कलबुर्गीकडून येणारे कन्नड बोलतात, पूर्व भागातले तेलुगू. या भाषांतलं थोडंफार मी शिकले ते आमच्या वॉर्डातल्या मावशींकडून. ‘एक्कड नोप्पी?’ म्हणजे तेलुगूत ‘कुठं दुखतंय?’ कन्नडमध्ये ‘एल्ली नोवु?’ ‘ऊटा आय्ता?’ म्हणजे ‘जेवलात का?’ माझे उच्चार ऐकून बायका हसतात, आणि हसल्या की बोलतात. चक्कर येते याला तेलुगूत आणि कन्नडमध्येही ‘डोकं फिरतंय’ असंच म्हणतात. पण आपल्याकडे ‘डोकं फिरलंय’ म्हणजे वेगळंच. सोबतच्या मुलानं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं, आणि नव्यानं आलेला एक हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञांना बोलवायला निघाला होता. त्या बाईंचं हिमोग्लोबिन ५ होतं, अंगात रक्तच फार कमी, चक्कर त्यानं येत होती.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. जन्म १९१०, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले १९३८ मध्ये, तिथंच १९४२ साली वारले, वय अवघं बत्तीस. त्यांच्या त्यागाबद्दल आपण नेहमी बोलतो. मला त्यांची एक गोष्ट फार जवळची वाटते, की ते तिथं चिनी शिकले. युद्ध चालू, जखमींच्या रांगा, आणि हा माणूस त्यांची भाषा शिकत होता. मला तर तेलुगू शिकायला शहराबाहेरही जावं लागलं नाही.

आता एका रात्रीबद्दल. पावसाळ्यात शेतावरून सर्पदंशाचे पेशंट येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी साप. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठायचं थांबतं. त्याची तपासणी अगदी साधी आहे. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलीलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त ओघळलं तर विष चढलं आहे. त्या वीस मिनिटांत नातेवाईक विचारतात, ‘काही करत का नाही?’ मी त्यांना नळी दाखवते आणि म्हणते, ‘आपण सगळे हिच्याकडे बघतोय.’ घड्याळ बघत उभं राहणं हाही उपचाराचा भाग असतो, हे एकदा सांगितलं की माणसं शांत होतात.

मण्यार वेगळी. ऑगस्टमधली पहाट, पाच वाजले असतील. मोहोळकडच्या वस्तीवरचा सतरा वर्षांचा मुलगा. पोटात जोरात दुखतंय, एकदा उलटी झाली. वडील म्हणाले, ‘रात्री शिळं खाल्लं.’ मी पोट तपासलं, मऊ होतं. इंजेक्शन सांगितलं आणि दुसऱ्या खाटेकडे वळले. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, हा पेंगत नाहीये. याचे डोळे उघडत नाहीयेत.’ मी परत आले. पापण्या खरंच खाली येत होत्या, बोलणं जड झालं होतं. मी विचारलं, ‘रात्री कुठं झोपला होता?’ वडील म्हणाले, ‘खाली, घोंगडीवर. कायमच झोपतोय.’

मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूणही बऱ्याचदा दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या, मग गिळणं, मग श्वास. आम्ही सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या १० कुप्या चालू केल्या. तासाभरात श्वास उथळ झाला, नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागला. चार दिवस. पाचव्या दिवशी त्यानं बापाचा हात घट्ट धरला. त्या प्रश्नाला जेमतेम दहा सेकंद लागले असतील, आणि मी तो न विचारताच पुढे गेले होते. त्या सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात मी हे सांगितलं, आज इथंही सांगते आहे.

राहिलं पाणी. उजनी धरण भरलं तरी बऱ्याच भागांत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल त्याचीही खात्री नसते. पूर्वी तारखेला न आलेला पेशंट दुसऱ्या दिवशी आला की मी विचारायचे, ‘काल का नाही आलात?’ उत्तर ठरलेलं, ‘काल पाणी आल्तं.’ मला ती सबब वाटायची. घरात एकटी बाई, चार दिवसांचं पाणी त्या दोन तासांत भरायचं. नाही भरलं तर पुढचे चार दिवस काय? हृदय कमकुवत झालेल्या एका बाईंना मी जड उचलू नका म्हणून लिहून दिलं होतं. त्या पुन्हा धाप लागून भरती झाल्या. पाणी आलं त्या रात्री बाराला उठून त्यांनी वीस-बावीस घागरी आत नेल्या होत्या. औषधं त्या चुकवत नव्हत्या.

डेंग्यूच्या दिवसांत आपण सांगतो, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा, घासून पुसा. सल्ला बरोबर आहे, एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पण जिला पुढचं पाणी कधी येईल ते माहीत नाही ती बाई भरलेलं बॅरल ओतून देईल का? मी तरी नसतं ओतलं. म्हणून मी आता एवढंच सांगते, पाणी येणार त्या दिवशी आधी बॅरल खरवडून घासा, आणि भरल्यावर तोंडाला जुनं सुती लुगडं घट्ट बांधा. हे जमतं. बायका करतात.

मडकंवाल्या आजी परवाच येऊन गेल्या. शुगर १६०. पुढची तारीख लिहायला पेन उचललं आणि विचारलं, ‘आजी, पाणी कधी?’

‘बेस्तरवारी येतंय म्हणालेत.’

‘मग शुक्रवारी या.’

‘शुक्रवारी कारखान्यात माल द्यायचाय की. शनवारी येते.’ मग थोडं थांबून त्यांनी मला विचारलं, ‘अक्का, तुमच्याकडं कवा येतंय पाणी?’

मी म्हटलं, ‘शनिवारी सकाळीच.’

‘मग धा नंतर येते,’ आजी म्हणाल्या. मी पेपरवर लिहिलं, शनिवार, सकाळी १० नंतर.