बत्तीस हालचाली आणि एक वगळलेलं नाव

(पडद्यावर: दोजांगची, म्हणजे तायक्वांदोच्या आखाड्याची, लाकडी फरशी. डोबोक या पांढऱ्या पोशाखातला, निळा पट्टा बांधलेला एक विद्यार्थी. शब्द नाहीत, फक्त पावलांचा आवाज.)

मोजत राहा. डावीकडे वळून हाताच्या अंगठ्याकडच्या कडेने अडवलं, ही एक. डाव्या पायाची खालच्या उंचीवरची लाथ, ही दोन. शेवटपर्यंत मोजलंत तर बरोबर बत्तीस भरतील. तायक्वांदोच्या या कवायतीचं नाव आहे जुंग-गन. बत्तीस हा आकडा तिच्यात मुद्दाम बसवलेला आहे.

26 ऑक्टोबर 1909. मांचुरियातल्या हार्बिन स्टेशनवर आन जुंग-गन नावाच्या कोरियन माणसाने इतो हिरोबुमींवर गोळ्या झाडल्या. इतो म्हणजे जपानचे पहिले पंतप्रधान आणि कोरियावर नेमलेले पहिले जपानी रेसिडेंट-जनरल. पाच महिन्यांनी, 26 मार्च 1910 ला, ल्यूशुनच्या तुरुंगात आनला फाशी झाली. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

आपल्या हिशेबाने खरं तर तीसच. पण कोरियात मूल जन्मतःच एक वर्षाचं धरायचे, आणि नवीन वर्ष लागलं की सगळ्यांच्याच वयात एकेक भर पडायची. दक्षिण कोरियाने 2023 मध्ये सरकारी कामकाजातून ही पद्धत कायद्याने काढून टाकली. कवायतीतले बत्तीस मात्र बत्तीसच आहेत. मेक्सिकोतला मुलगा असो की पोलंडमधली मुलगी, त्या पट्ट्यापर्यंत पोचले की एका क्रांतिकारकाचं वय पायांनी मोजतात. अनेकांना त्याचं नाव धड उच्चारताही येत नाही.

(पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. सैनिकी तळ, पटांगणात रांगेने उभे जवान.)

या कवायती बांधल्या चोई होंग-ही यांनी. हुद्द्याने जनरल, आवडीने सुलेखनकार. कोरिया जपानच्या ताब्यात असताना ते शिकायला जपानला गेले आणि तिथे कराटे शिकले. 1945 मध्ये जपानी गेले. त्या सुमारास सोल आणि आसपास एकामागून एक आखाडे निघाले. त्यांना 'क्वान' म्हणत: चुंग दो क्वान, मू दुक क्वान, सोंग मू क्वान. चालवणारे बहुतेक जण जपानी पद्धतीत किंवा चीनकडच्या पद्धतीत तयार झालेले. त्यामुळे तिथे शिकवल्या जाणाऱ्या कवायती मुळात कराटेच्याच होत्या. जपानीत जी 'हेइआन' नावाची कवायत, तीच कोरियन तोंडी 'प्योंगआन'. नाव बदललं, पावलं तीच राहिली.

नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला हे टोचणारच. ज्यांनी पस्तीस वर्षं राज्य केलं, त्यांच्याच हालचाली आपल्या सैनिकांनी गिरवायच्या? 1955 मध्ये चोईंनी सुचवलेलं 'तायक्वांदो' हे नाव पुढे आलं. त्याच सुमारास नाम ते-ही आणि हान चा-क्यो या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी पहिल्या स्वतंत्र कवायती रचायला घेतल्या. या कवायतींना ते 'तुल' म्हणत. पहिल्या काहींपैकी एक 'ह्वा-रांग'. तिच्यात हालचाली 29, कारण चोईंच्या हाताखालची फौज होती 29 वी इन्फंट्री डिव्हिजन.

(निवेदक थांबतो. पडद्यावर: थडग्यातल्या भित्तिचित्राची प्रत, दोन मल्ल समोरासमोर.)

इथे जरा थांबू. तायक्वांदोवरच्या माहितीपटात या ठिकाणी हटकून हे चित्र येतं. गोगुर्यो राज्याच्या काळातलं थडगं, भिंतीवर झुंजणारे दोन पुरुष, आणि मागे घोगऱ्या आवाजात 'दोन हजार वर्षांची परंपरा'. आम्हीही चित्र दाखवलं, पण ते वाक्य म्हणणार नाही. दोन माणसं कुठेही हात उगारून उभी राहिली तर जवळपास अशीच दिसतील.

कोरियात युद्धकला नव्हत्या असं मुळीच नाही. राजा जोंगजोच्या आज्ञेवरून 1790 मध्ये 'मुये दोबो तोंगजी' हा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात भाला, तलवार, घोडदौड धरून चोवीस प्रकार आहेत, आणि रिकाम्या हाताच्या लढाईवर एक प्रकरणही आहे. तेही बरंचसं मिंग काळातला चिनी सेनापती ची जिग्वांग याच्या पुस्तकावर बेतलेलं. मग 'तेक्यॉन' आहे: झुलत्या पावलांचा, पायात पाय घालून पाडण्याचा लोकखेळ. सोंग दोक-गी या एका म्हाताऱ्या माणसाने तो विसाव्या शतकात जिवंत ठेवला, आणि 2011 मध्ये युनेस्कोने त्याला वारसा यादीत घेतलं. पण आज जगभर गिरवल्या जाणाऱ्या तायक्वांदोच्या कवायती यांपैकी कशातूनही सरळ उतरलेल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही माणसांनी बसून, भांडून, खोडून त्या लिहिल्या. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट, कुणी काय विचार करून कुठलं पाऊल कुठे टाकलं हे इतकं स्पष्ट सांगता येणाऱ्या युद्धकला फार थोड्या असतील.

चोईंच्या चोवीस तुलमध्ये तर इतिहासाचं पुस्तकच आकड्यांत मांडलंय. 'साम-इल'मध्ये 33 हालचाली: 1 मार्च 1919 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारे तेहतीस जण. 'क्वांग-गे'मध्ये 39, कारण तो सम्राट इसवी सन 391 मध्ये गादीवर आला. 'से-जोंग'मध्ये 24, त्या राजाने दिलेल्या लिपीची आजची चोवीस अक्षरं. 'युल-गोक'मध्ये 38, कारण त्या विद्वानाचं जन्मगाव अडतिसाव्या अक्षांशावर. कोरियात अडतीस म्हटलं की फाळणीच आठवते, तो भाग वेगळा.

आणि 'चुंग-मू'. ही सेनापती यी सुन-शिन यांची. जपानी आरमाराला धूळ चारणारा हा माणूस 1598 मध्ये नोर्यांगच्या लढाईत, विजय समोर दिसत असताना गोळी लागून गेला. काळ्या पट्ट्याच्या उंबरठ्यावरची ही कवायत डाव्या हाताच्या प्रहारावर संपते. चोईंनी लिहून ठेवलंय की हे त्या चटका लावणाऱ्या मृत्यूचं चिन्ह आहे.

(पडद्यावर: सोल, गांगनाम. टेकडीवरची निळ्या कौलांची इमारत.)

ही कुक्कीवॉन, दक्षिण कोरियातलं तायक्वांदोचं मुख्यालय. 30 नोव्हेंबर 1972 रोजी उघडली. त्याच वर्षी चोई देश सोडून कॅनडाला गेले. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्याशी त्यांचं बिनसलं होतं. 1966 मध्ये स्वतः स्थापन केलेला आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ त्यांनी बरोबर नेला. मागे सोलमध्ये 1973 साली दुसरा जागतिक महासंघ उभा राहिला, ज्याची तायक्वांदो पुढे ऑलिम्पिकमध्ये गेली. तेव्हापासून घराण्यं दोन, आणि कवायतींचे संच दोन.

सोलच्या गटाने चोईंच्या तुल बाजूला ठेवल्या. आधी 'पालग्वे' नावाची आठ कवायतींची मालिका केली, मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती मागे टाकून 'तेगुक'. इकडे कवायतीला 'पूमसे' म्हणतात. तेगुकचे पूमसे आठ, आणि प्रत्येकाला एक त्रिरेषा चिन्ह: आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत, पृथ्वी. यांतली चार दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या कोपऱ्यांत दिसतात. इथे सेनापती नाहीत, फाशी गेलेले क्रांतिकारक नाहीत. एका घराण्याने इतिहास घेतला, दुसऱ्याने तत्त्वज्ञान. माझं मन जुंग-गनकडे ओढ घेतं, हे कबूल. पण शिकवायला तेगुक जास्त सोपी आणि जास्त शहाणपणाने बांधलेली आहे.

(पडद्यावर: रहिवासी इमारतींच्या मधली गल्ली. पिवळी व्हॅन थांबते, मुलं उतरून जिना चढतात.)

शाळा सुटल्यावर दोजांगची व्हॅन मुलांना उचलून आणते. सोलमध्ये हे रोजचं दृश्य. आज इथे तेगुकचा पहिला पूमसे, 'इल जांग'.

चार्यत! मुलं सावधान. क्योंग्ने! कमरेतून वाकून नमस्कार. जुन्बी! मुठी पोटासमोर. शिजाक! सुरू.

हाना, म्हणजे एक. डावीकडे वळायचं, डावा पाय पुढे, डाव्या हाताने खाली अडवायचं. यालाच 'आरे माक्की' म्हणतात. दुल, दोन. उजवं पाऊल पुढे, उजवा गुद्दा छातीच्या उंचीवर. दिसायला इतकंच. आता जवळून बघा.

पहिली गोष्ट पाऊल. या पवित्र्याला 'आप सोगी' म्हणतात: रस्त्याने चालता चालता थबकलात तर पाय जसे राहतील, तितकंच अंतर. कराटेच्या घरातून आलेल्या जुन्या कवायतींत पवित्रे लांब आणि खोल होते. तेगुकने नवशिक्याला उभं राहायला दिलं ते रोजचं पाऊल. आणि तेच मुलांना जमत नाही. लढायचं म्हटलं की मूल आपोआप पाय फाकवून खाली बसतं, चेहऱ्यावर राग आणतं. क्वानजांगनिम, म्हणजे दोजांगचे प्रमुख, काही बोलत नाहीत. मागून येतात, आपल्या पायाने त्याची टाच हलकेच आत सरकवतात आणि पुढच्या मुलाकडे जातात.

दुसरी गोष्ट हात. खाली अडवणारी मूठ आधी विरुद्ध खांद्यापाशी जाते, बोटांची बाजू चेहऱ्याकडे. तिथून ती मांडीच्या वर, दोन मुठींच्या अंतरावर येऊन थांबते. घाईत असलेलं मूल खांद्यापर्यंत जातच नाही, छातीपासूनच हात खाली झटकतं. लांबून बघणाऱ्याला फरक कळणार नाही. पण मार रोखण्याची ताकद त्या वगळलेल्या वीतभर अंतरातच असते. दुसरा हात त्याच क्षणी कमरेला परत यायला हवा, तळवा वर. गुद्दा मारताना मूठ वळते ती अगदी शेवटी, पोचता पोचता.

तिसरी, आणि सगळ्यात अवघड: मागे वळणं. इल जांगमध्ये पहिल्या गुद्द्यानंतर लगेच पूर्ण उलटं फिरायचं असतं. आधी नजर, मग पाऊल, मग हात. मुलं आधी पाऊल टाकतात, मग आपण नेमके कुठे उभे आहोत ते बघतात. शेवटचा गुद्दा 'किहाप'च्या आरोळीसकट मारल्यावर सुरुवात केली त्याच जागी परत यायचं असतं. पावलांची लांबी सारखी नसेल तर येता येत नाही. कुणी हातभर पुढे संपतं, कुणी शेजारच्याच्या अंगावर. चूक सांगायला गुरूची गरजच उरत नाही, फरशी सांगते.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना काळा पट्टा मिळत नाही. त्यांना 'पूम' मिळतो: अर्धा लाल, अर्धा काळा पट्टा.

(पडद्यावर: दोन खिडक्यांत तोच मधला गुद्दा. डावीकडे तेगुक, उजवीकडे तुल.)

आता डोक्याच्या उंचीकडे लक्ष द्या. डावीकडच्या खेळाडूचं डोकं एका पातळीत सरकतंय. उजवीकडचा खेळाडू प्रत्येक हालचालीआधी गुडघ्यात किंचित उचलला जातो आणि वजनासकट खाली येतो. याला 'साइन वेव्ह' म्हणतात. चोईंनी ती पुढे, आयुष्याच्या उत्तरार्धात, ठसवली. कराटेपासून वेगळं दिसण्याचा तो आणखी एक प्रयत्न, असं टीकाकार म्हणतात. करणारे म्हणतात वजन उतरतं. दोघांचंही खरं असू शकतं.

चोईंच्या यादीत एक खोडलेली जागाही आहे. 'को-दांग' हे चो मान-शिक यांचं टोपणनाव. प्योंगयांगचे ख्रिस्ती राष्ट्रवादी नेते, गांधीमार्गी म्हणून ओळखले जाणारे. 1946 मध्ये सोव्हिएत ताब्यातल्या उत्तरेत त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं, तिथून ते परत आले नाहीत. चोईंनी त्यांच्या नावाने 39 हालचालींची तुल रचली होती. 1980 मध्ये चोई आपला संघ घेऊन प्योंगयांगला गेले. उत्तर कोरियाने त्यांना आश्रय दिला, पैसा दिला. त्यानंतर काही वर्षांत को-दांग यादीतून गेली आणि तिच्या जागी आली 'चुचे'. किम इल-सुंग यांच्या राजवटीच्या तत्त्वज्ञानाचं नाव, 45 हालचाली. ज्या राजवटीने त्या माणसाला गिळलं, तिच्याच विचारसरणीने त्याची कवायतही गिळली. जगातले काही दोजांग आजही हट्टाने को-दांग शिकवतात, चुचे शिकवत नाहीत. चुचेतल्या संथ, हवेत धरून ठेवलेल्या लाथा फार देखण्या आहेत, हेही सांगायला हवं.

चोई 2002 मध्ये प्योंगयांगमध्ये वारले. 2017 च्या जूनमध्ये दक्षिणेतल्या मुजू गावी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या उद्घाटनाला उत्तरेचा संघ प्रात्यक्षिकासाठी आला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा संघ प्योंगयांगला गेला. दोन्ही घराण्यांना सामाईक असलेली एक व्यक्ती मात्र आधीपासून होती: सिल्ला या प्राचीन कोरियन राज्यातला बौद्ध भिक्षू वोनह्यो. चोईंनी त्याच्या नावाने तुल केली. कुक्कीवॉनने काळ्या पट्ट्याचा शेवटचा पूमसे, 'इल्यो', त्याच्या विचाराला वाहिला. इल्यो करताना पावलं जमिनीवर जी आकृती काढतात ती स्वस्तिकाची. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे कोरियात गेलेली, तिथल्या देवळांवर आजही दिसणारी.

(पडद्यावर: स्पर्धेचा मॅट, परीक्षकांची रांग.)

पूमसेची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2006 मध्ये सोलला झाली. गुण दहापैकी: चार अचूकतेचे, सहा सादरीकरणाचे. मूठ चुकीच्या उंचीवर थांबली तर 0.1 कापले जातात, मोठी चूक झाली तर 0.3. व्हॅनमधून आलेल्या त्या मुलाचं वीतभर अंतर इथे पदक घालवू शकतं. भारताला या प्रकारातलं पहिलं आशियाई अजिंक्यपद पदक 2024 मध्ये मिळालं. व्हिएतनाममधल्या दानांगला रूपा बायोरने कांस्य जिंकलं. ती अरुणाचल प्रदेशची, आणि तयारी केली मुंबईत.

2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत पूमसे प्रथमच आला. तेव्हा परंपरागत कवायतींबरोबर 'बिगाक'सारखे नवे पूमसेही मैदानात उतरले. स्पर्धेसाठी खास बांधलेले, उंच आणि उड्यांच्या लाथांनी भरलेले. जुन्या मास्तरांनी नाकं मुरडली. सत्तरच्या दशकात तेगुक आली तेव्हा पालग्वेवाल्यांनी काय केलं असेल याचा त्यावरून अंदाज येतो. बिगाक शिकायला येणाऱ्यांत बारा-तेरा वर्षांची मुलंही असतात. वयाने ती त्या कवायतीपेक्षा मोठी आहेत.