थ्रॉटलवरचा हात

पडद्यावर दिसणारा हा हात बोटचालकाचा आहे. तळहात थ्रॉटलच्या, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या, दांडीवर आहे, पण मनगट बाजूच्या गादीला घट्ट टेकवलेले आहे. बोट लाटेवर आपटली की सारे शरीर पुढे फेकले जाते, आणि टेकू नसलेला हात त्या धक्क्यासरशी दांडीही पुढे ढकलतो. वेग कमी व्हायला हवा नेमक्या त्याच क्षणी तो वाढतो. हात कुठे टेकवायचा हे थोड्या सरावाने अंगवळणी पडते. तो केव्हा आखडता घ्यायचा, हे मात्र आजूबाजूला आणखी आठ-दहा बोटी सुसाट धावत असताना ठरवावे लागते, आणि हे निवेदन त्या निर्णयाविषयी आहे.

ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी बोट एका सेकंदात सुमारे ३० मीटर अंतर कापते. रस्त्यावर या वेगाचे कुणाला नवल वाटत नाही, पण रस्ता जागच्या जागी असतो. पाणी तसे नसते. बोटीला ब्रेक नसतात आणि मागच्याला सावध करणारे लाल दिवेही नसतात. पुढच्या बोटीने वेग उतरवला हे मागच्या चालकाला कळते ते तिचे पुढचे टोक खाली बसल्यावर, म्हणजे दोघांमधले अंतर मिटू लागल्यावर. अशाच वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन बोटींमधले अर्धा किलोमीटर अंतर सुमारे आठ सेकंदांत संपते. सूर्य समोर असेल आणि काचेवर तुषारांचा थर साचला असेल, तर त्या आठांतले किती सेकंद खरोखर हाती उरतात, याचा विचार निघण्यापूर्वीच करायला हवा.

समूहातला सर्वांत मोठा फरक पाण्यातच असतो. एकटी बोट वाऱ्याने उठवलेल्या लाटा कापत जाते, आणि त्या लाटांना काहीएक दिशा व लय असते. दहा बोटी एकत्र धावू लागल्या की प्रत्येकीच्या मागे दोन्ही बाजूंना तिरप्या लाटा पसरतात, त्या एकमेकींना छेदतात आणि दोन लाटांचे माथे जिथे एकत्र येतात तिथे क्षणभर एक उंचवटा उभा राहतो, जो आधी तिथे नव्हता आणि नंतरही राहणार नाही. पुढच्या बोटीच्या थेट मागे तर पांढरे, हवेने भरलेले पाणी असते. त्यात शिरलेल्या प्रोपेलरला पकड मिळत नाही, इंजिनाचे फेरे एकदम चढतात, आणि पुढच्याच क्षणी घट्ट पाणी लागले की बोटीला हिसका बसतो. म्हणून मागच्याने कधीही सरळ मागे राहू नये. बाजूला सरकून, तिरप्या रेषेत, अंतर राखून चालावे. त्याला दुसरेही कारण आहे, आणि माझ्या मते तेच अधिक गंभीर आहे. पुढच्या बोटीतून माणूस पाण्यात फेकला गेला, तर तो त्या बोटीच्या मागच्या पाण्यातच असतो.

लाट काय करू शकते याचे एक उदाहरण विसरता येत नाही. २३ ऑगस्ट १९८७ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटाजवळ, पॉवरबोटींची शर्यत सुरू होती. दिदिए पिरोनी हे फेरारीकडून फॉर्म्युला वन शर्यतींत उतरलेले फ्रेंच चालक ‘कोलिब्री ४’ ही बोट चालवत होते. एका तेलवाहू जहाजाने मागे सोडलेल्या लाटेवर ती बोट उसळली आणि उलटली. पिरोनी आणि त्यांचे दोन्ही सहकारी दगावले. हे तिघे नवशिके नव्हते.

अनुभवी माणूसही समूहात स्वतःचा अंदाज दुसऱ्याच्या स्वाधीन कसा करतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पुढची बोट लीलया चालली आहे असे दिसते. पण ती १२ मीटर लांबीची आहे आणि आपली आठ. तिचे वजन लाट दाबून टाकते, आपली बोट त्याच लाटेवरून हवेत जाते. आपल्याला जे पाणी खडबडीत लागते आहे ते तिला तसे लागतच नाही, आणि तिच्या चालकाला आपली अवस्था दिसतही नाही. मागे पडण्याचा संकोच वाटतो, सोबतचे लोक पाहत असतात, आणि हात दांडीवर आणखी अर्धा इंच पुढे जातो. हा अर्धा इंच पाण्याकडे पाहून घेतलेला नसतो.

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ साली अमलात आले. त्यांतील सहावा नियम सुरक्षित वेगाचा आहे, पण त्यात वेगाचा आकडाच दिलेला नाही. दृश्यमानता, आसपासची वर्दळ, स्वतःच्या बोटीची वळण्याची आणि थांबण्याची क्षमता, वारा, समुद्राची स्थिती या गोष्टी पाहून वेग ठरवावा, असे तो सांगतो. म्हणजे एकाच समूहातल्या दोन बोटींचा सुरक्षित वेग एकाच क्षणी वेगळा असू शकतो. तेरावा नियम ओलांडून जाणाऱ्यावर जबाबदारी टाकतो: ज्याला पुढे जायचे आहे, त्यानेच दूर राहायचे. आणि टकरीचा धोका आहे की नाही अशी शंका आली, तर धोका आहे असेच धरायचे, असे सातवा नियम सांगतो.

बोट अस्थिर झाली की पहिली उबळ येते ती थ्रॉटल झटक्यात मागे ओढण्याची, आणि तीच घातक ठरू शकते. वेगवान बोट जेमतेम मागच्या भागावर पाण्याला टेकलेली असते. वेग एकाएकी तोडला की पुढचे टोक पाण्यात रुतते, मागचा भाग हलका होतो, आणि त्यात सुकाणू वळवलेले असेल तर बोट स्वतःभोवती फिरून आतल्यांना बाहेर भिरकावते. बोट डावी-उजवीकडे डुलू लागली आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक डुलणे वाढत गेले, तर चाक सरळ धरून वेग हळूहळू उतरवावा. वळायचे असेल तर वेग वळणाआधी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

या दृश्यात चालकाच्या कमरेला अडकवलेली गुंडाळीची लाल दोरी दिसते. तिचे दुसरे टोक किल स्विचला जोडलेले आहे. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडते. नाहीतर चालकाविना बोट गोल फिरत पाण्यातल्या माणसावरच परत येऊ शकते. अमेरिकेत २६ फुटांखालील बहुतेक मोटरबोटींवर ही दोरी किंवा तशीच सोय वापरणे १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. दोरी अंगाला लावायला एक सेकंद लागतो. तरीही समूह निघण्याच्या गडबडीत ती चाकाशेजारी लोंबत राहते, आणि हे पाहून जीव कळवळतो.

म्हणून खरे निर्णय धक्क्यावरच घ्यावे लागतात. सारख्या वेगाच्या बोटींचे गट करावेत, रेडिओचा चॅनल ठरवावा, कोण कुणाच्या कोणत्या बाजूला राहील हे बोलून घ्यावे आणि उन्हात, वाऱ्यात, आवाजात शरीर किती थकते याची जाणीव ठेवून दारू परत येईपर्यंत वर्ज्य ठेवावी. आणि सर्वांच्या देखत एक गोष्ट मोठ्याने सांगावी, की कुणीही, केव्हाही, कारण न देता मागे राहू शकतो, आणि त्याची बाजूची बोट त्याच्यासोबत मागे राहील.

आता पडद्यावर तोच हात पुन्हा दिसतो आहे. दांडी हळूहळू मागे येते, बोट समूहाच्या बाहेरच्या अंगाला सरकते, तिचे पुढचे टोक अलगद पाण्यावर बसते. डावीकडची बोटही वेग उतरवते. रेडिओवर दोन बोटींचे क्रमांक सांगितले जातात, आणि सर्वांत पुढे असलेला चालक ते आपल्या यादीत नोंदवून घेतो.