कव्हरातलं बायबल

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या सोलापुरातल्या बऱ्याच कॅथलिक घरांत बायबल असतं ते येशूच्या तसबिरीजवळ, जपमाळेशेजारी, प्लास्टिकच्या कव्हरात. मान मोठा, उघडणं सणासुदीला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मिस्साला ऐकतो की!"

हे उत्तर मला अर्धं पटतं. मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या आपल्या मुख्य उपासनेचा, पहिला भाग पवित्र शास्त्राचाच असतो. रविवारी पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन आणि मग शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा. शुभवर्तमानाच्या वेळी आपण उभे राहतो, अंगठ्यानं कपाळावर, ओठांवर आणि छातीवर क्रूस काढतो. ख्रिस्तसभेनं पवित्र शास्त्राला प्रभूच्या शरीरासारखाच मान दिला आहे, असं जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली स्पष्ट लिहिलं.

याचं मूळ लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात बघा. खचलेले दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला चाललेत. वाटेत एक अनोळखी सोबती भेटतो आणि मोशेपासून सगळं शास्त्र उलगडून सांगतो. चालता चालता त्यांच्या मनाला ऊब येते, पण हा येशू आहे हे कळतं ते संध्याकाळी, तो भाकर मोडतो तेव्हा. आधी शास्त्र, मग भाकर. मिस्साचा क्रमही तोच, आधी वाचनं, मग वेदीवरची भाकर. शुभवर्तमान संपता संपता चर्चच्या दारात चपला काढणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांची निम्मी वाट हुकलेली असते.

न पटणारं अर्धं असं, की कोऱ्या कानांनी ऐकलेलं टिकत नाही. यहेज्केल संदेष्टा कोण, तो कुणावर चिडलाय, हे ठाऊक नसेल तर वाचन पंख्याच्या घरघरीत विरून जातं. शनिवारी जेवणं उरकल्यावर उद्याचं शुभवर्तमान घरात कुणीतरी मोठ्यानं वाचावं. शाळकरी पोरानं वाचलं तर उत्तम, अडखळला तरी चालेल.

नवं बायबल घेणार असाल तर अनुक्रमणिका पाहून घ्या. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात. टोबित आणि मक्काबी ही पुस्तकं त्यात हवीत; प्रोटेस्टंट बायबलात ती सहसा नसतात.

आणि सुरुवात उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून करू नका. लेवीय पुस्तकातल्या नियमांशी पोचेपर्यंत भले भले दमतात. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, भराभर पुढं सरकणारे. सोलापूरहून पुण्याच्या गाडीत बसल्यावर वाचायला घेतलात, तर दौंड यायच्या आत संपतो.