जुलैतली फिल्म

(दृश्य: वाशीचा खाडीपूल, संततधार. एका बाल्कनीत वाळत घातलेले कपडे.)

जुलैत वाशीला कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्याच हवेत, किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बॅजमधल्या एका छोट्या फिल्मने वेगवान न्यूट्रॉनचा डोस महिनाभर जपून ठेवायचा असतो. 1 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणाची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या आसपास न्यूट्रॉन गॅमा किरणांच्या सुमारे वीसपट घातक धरतात, त्यामुळे इथली चूक स्वस्त पडत नाही.

(दृश्य: बॅज उघडतो.)

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, फिल्मवर तो स्वतः काही उमटवत नाही. जिलेटिनमधल्या हायड्रोजनला धडकला की प्रोटॉन उडतो, आणि तो प्रोटॉन वाटेतल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांवर खूण करत जातो. कणांची ही ओळ म्हणजे माग. 1 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन जेमतेम 14 मायक्रॉन जातो. ऊर्जा त्याच्या निम्म्यावर आली की माग इतका आखूड होतो, की सुट्या कणांतून ओळखूच येत नाही. त्याखालचे न्यूट्रॉन या फिल्मला दिसत नाहीत.

(दृश्य: डार्करूम.)

डेव्हलपर 20 अंशांवर ठेवा. नळाचं पाणी इथे त्याहून बरंच कोमट असतं, म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि धुण्याचं पाणीही गार करून घ्या. नाहीतर जिलेटिन फुगून सुरकुततं, सरळ माग वाकडे दिसतात. हायपोत (फिल्म पक्की करणाऱ्या द्रावणात) फिल्म पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ आणखी राहू द्या.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून फिल्म.)

तेलाचा थेंब, हजारपट मोठी प्रतिमा. एका नजरेत साधारण 0.18 मिलिमीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. 1 चौरस मिलिमीटर पाहायला अशी चाळीस वर्तुळं. एका ओळीत निदान चार कण असतील तरच माग मोजायचा. तो तिरका खोल गेलेला असतो, म्हणून बारीक फोकस सतत वरखाली करावा लागतो. गॅमाचा डोस जास्त असेल तर सगळीकडे काळे कण पसरतात आणि माग त्यात हरवतात. 100 माग मोजले तर मोजणीतली अनिश्चितता 10 टक्के. 25 मोजले तर 20.

आणि माग मुळात उरलेत का? हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळून कणांवरची चांदीची सूक्ष्म खूण डेव्हलप होण्याआधीच खाऊन टाकतात. फिल्म आधी कोरडी करून, कोरड्या नायट्रोजनसह अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात सील केली तर हे बरंच रोखता येतं. पाकिटाला सुईएवढं भोक पडलं तरी ओलावा आत शिरतो.

किती माग पुसले जातात हे कळायला त्याच बॅचच्या फिल्मला अमेरिशियम-बेरिलियम या न्यूट्रॉन सोडणाऱ्या स्रोताचा ठरावीक डोस देऊन ती तशाच हवेत ठेवतात. 200 मागांचे 120 उरले, तर बॅजवरची मोजणी 1.67 ने गुणायची. पण डोस 2 तारखेला मिळाला की 28 तारखेला, हे फिल्म सांगत नाही, आणि 2 तारखेचे माग कितीतरी जास्त पुसलेले असतात. माग शून्य आले तर गुणायला काहीच उरत नाही. त्या फिल्मवर ‘डोस नाही’ असा शेरा मारू नये.

(दृश्य: पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा.)

भारतात या कामासाठी आता सीआर-39 वापरतात. चष्म्याच्या भिंगांचंच हे प्लॅस्टिक. यात माग चांदीचा नसतो, तुटलेल्या रेणुसाखळ्यांचा असतो. तो दमट हवेत सहसा टिकतो, आणि कॉस्टिक पोटॅशच्या गरम द्रावणात खड्डा होऊन उघडा पडतो.