खूण

(बशीचं जवळचं दृश्य)

ही बशी नीट बघा. आगर नावाच्या जेलीवर साय धरल्यासारखा जो दुधट थर दिसतोय, ते ई. कोलाय जिवाणू. आणि सायीला पडलेली ही गोल, स्वच्छ भोकं? तिथे लॅम्डा विषाणूने जिवाणू फोडलेत.

आता शेजारची बशी. विषाणू तोच, थेंब तेवढाच, फक्त जिवाणूंचा वाण वेगळा. भोकं बोटांवर मोजण्याइतकी. पण त्यातल्याच एका भोकातला विषाणू उचलून पुन्हा याच वाणावर सोडला, की बशीची चाळण होते! त्याच्या जनुकांतलं एक अक्षरही बदललेलं नाही.

1953 मध्ये बेर्तानी आणि वाइग्ल या शास्त्रज्ञांनी हे कोडं नोंदवलं. औषध शोधायला कुणी निघालं नव्हतं. भोकं मोजणं चालू होतं. 1962 मध्ये वेर्नर आर्बर आणि डेझी ड्युसोआ यांनी दाखवलं, की वाचलेल्या विषाणूला त्या वाणाची एक खूण मिळते आणि ती त्याच्या डीएनएवरच असते. याच वाटेवरच्या कामासाठी 1978चं नोबेल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना मिळालं. ड्युसोआ यांचं नाव त्यात नाही.

(अॅनिमेशन)

खूण म्हणजे मिथाइल गट: एक कार्बन, तीन हायड्रोजन. पेशीत एक एन्झाइम डीएनएवर ठरावीक जागी तो चिकटवतं आणि दुसरं, त्याच जागी तो नसला, की कातरतं. नवा डीएनए तयार होताना जुन्या धाग्यावरची खूण शाबूत असते, म्हणून पेशी स्वतःला कापत नाही. परक्या डीएनएपाशी कातरणाऱ्याआधी खूण करणारा पोचला, तर तो विषाणू वाचतो. त्याची पिल्लं या घरची खूण घेऊनच बाहेर पडतात.

(सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशी, मधे धागा)

परकी जनुकं तरीही येतात. काही प्लाझमिड (एका पेशीतून दुसरीत जाणारी डीएनएची छोटी कडी) तर कात्री बोथट करणारं प्रथिन सोबत आणतात. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं अशीच पसरतात.

(जेल, अतिनील प्रकाशात)

जेलमध्ये डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होऊन पट्ट्या दिसतात. डावीकडे इकोआरआय या कातरणाऱ्या एन्झाइमच्या कात्रीपासून खुणेने वाचलेला लॅम्डाचा डीएनए: एकच जाड पट्टी. उजवीकडे तोच, खुणेविना. तुकडे सहा आहेत. दोन जवळपास सारख्याच लांबीचे, म्हणून पट्ट्या पाचच वाटतात. वरून तिसरी जरा जाड दिसतेय ना? तीच ती.