भिंती असलेला उत्प्रेरक

आठ कार्बनची साखळी, एका टोकाला दुहेरी बंध. हे १-ऑक्टीन. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सोडले, जोडीला ऱ्होडियम या धातूचा उत्प्रेरक दिला, की नऊ कार्बनचा अल्डिहाइड (CHO गट असलेला रेणू) तयार होतो. पण नवा कार्बन बसणार कुठे? टोकाला बसला तर साखळी सरळ, शेजारच्या कार्बनवर बसला तर फांदी फुटते.

ही अभिक्रिया १९३८ साली जर्मनीत ओटो रोलेन यांनी शोधली. डिटर्जंट आणि प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं बनवायला ती आजही लागते. नेहमीचे उत्प्रेरक सरळ साखळीच जास्त देतात. फांदी हवी असली की पंचाईत.

२००१. ॲम्स्टरडॅम विद्यापीठ. योस्ट रेक, पीट फान लेवेन आणि सहकाऱ्यांचा हा लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, बघा. मधोमध फॉस्फरस, त्याला पिरिडिनची तीन कडी. फॉस्फरस ऱ्होडियमला धरतो. पिरिडिनमधला प्रत्येक नायट्रोजन एकेका झिंक पॉरफिरिनला जवळ ओढतो. पॉरफिरिन म्हणजे रुंद, सपाट, जांभळट रेणू. हिमोग्लोबिनमधलं लोह ज्यात बसलेलं असतं, त्याच घराण्यातला. असे तीन पॉरफिरिन तीन बाजूंनी उभे राहतात आणि ऱ्होडियम आत कोंडला जातो.

हे घडवायला वेगळा खटाटोप नाही. घटक द्रावणात एकत्र केले की झालं. झिंक-नायट्रोजनचा बंध सैल असतो, सुटतो, पुन्हा जुळतो. अशा सैल बंधांचा अभ्यास म्हणजे सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र. १९८७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच्या पायाभरणीलाच मिळालं.

झिंक ऱ्होडियमला शिवतसुद्धा नाही. तरीही खोलीच्या तापमानाला वेग सुमारे दहापट झाला आणि साठ टक्क्यांहून अधिक अल्डिहाइड फांदीचा निघाला. आत दुसऱ्या फॉस्फिनला, म्हणजे अशाच फॉस्फरसवाल्या लिगँडला, जागाच नसते, आणि एकाच फॉस्फिनचा ऱ्होडियम अधिक चपळ असतो. शिवाय साखळीला वळायला मोजकीच वाट उरते. धातू तोच, फॉस्फरस तोच, आणि निकाल फिरवला तो शेजाराने! मला यातलं हेच सर्वात विलक्षण वाटतं.

तापवलं की मात्र सैल बंध सुटू लागतात आणि भिंती ढळतात.

पुढे या गटाने २-ऑक्टीन घेतलं. इथे दुहेरी बंध साखळीच्या आत. त्याच्या एका बाजूला छोटा मिथिल गट, दुसऱ्या बाजूला लांब शेपूट, फरक एवढाच. साध्या उत्प्रेरकाला दोन्ही कार्बन जवळपास सारखेच. भिंतींमधल्या ऱ्होडियमने मात्र बहुतेक वेळा तिसरा, म्हणजे शेपटीकडचा, कार्बनच निवडला.